अंगण, गोठा व विहिरीच्या वाटेवरील बारा व्होल्टांचे दिवे : रोहित्र केवढे घ्यावे?

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यास रोहित्र म्हणजे काय हे सांगावयास नको. ज्यास आपण बोलीत डीपी म्हणतो, ते खांबांवरचे यंत्र ऐन रब्बीत, गहू-हरभऱ्याचे पाणी अंगावर आले असता, जळते. आणि ते बदलून येईपर्यंत पिकाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याने पाहिले आहे. ते का जळते, याचा विचार मात्र फारच थोडे करतात. पाच अश्वशक्तीचा एक पंप सुमारे पाच ते सहा केव्हीए भार घेतो. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर असे दहा-अकरा पंप नीट चालतील. त्यावर पंधरा-सोळा चालू लागले की, आतील तेल तापते, गुंडाळीवरील वेष्टन करपते आणि एके रात्री सगळेच थांबते. म्हणजे दोष यंत्राचा नव्हे, हिशेबाचा होय.

हाच हिशेब आता लहान प्रमाणात आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. अंगण, खळे, गोठा, विहिरीकडे जाणारी वाट, संत्र्याच्या बागेचे तोंड अशा उघड्या जागी बारा व्होल्टांचे दिवे लावण्याची चाल वाढली आहे, व ती चांगली आहे. हे दिवे २३० व्होल्टांच्या विजेवर थेट चालत नाहीत. मध्ये एक लहान रोहित्र बसवावे लागते. ते केवढे असावे, असे दुकानदारास विचारले असता तो बहुधा, ‘मोठेच न्या, पुढे कामास येईल,’ असे सांगतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात पैशाचे नुकसान व आगीचे भय आहे. सबब या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम, कमी दाबाचे दिवे कशाला, हे पाहू. खेड्यातील उजेडाचा प्रश्न आपल्या जिल्ह्यास नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्यास मगनवाडीत होते. तेथे घासलेटाऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ नावाचा कंदील लोकांपुढे ठेवण्यात आला होता. त्या कंदिलाने अंगणात कोणास झटका बसण्याचे भय नव्हते. वीज आली आणि उजेडाबरोबर हे भयही आले. पावसाळ्यात आपली काळी जमीन महिनोन्‌महिने ओली असते. सोललेल्या तारेचा, फुटलेल्या होल्डरचा किंवा पत्र्यास घासलेल्या वायरचा परिणाम अशा जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसास काय होतो, हे प्रत्येक गावास ठाऊक आहे. बारा व्होल्टांचा दाब कोरड्या मनुष्याच्या अंगातून घातक प्रवाह ढकलू शकत नाही. हाच त्याचा मोठा गुण. शिवाय शेतीपंपांस रात्रीच्या पाळीत वीज मिळत असेल तेव्हा शेतकऱ्यास अंधारात विहिरीवर जावेच लागते. वाटेवर नाग, घोणस, मण्यार यांचे भय. सेलू व कारंजा तालुक्यांत बोरच्या जंगलालगत वाघ-बिबट्यांचे भय. आणि रानडुकरांचे तर सर्वत्रच. (बोर अभयारण्यास २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला हे वाचकांस ठाऊक आहेच.) तेव्हा वाटेवर गुडघाभर उंचीचे पाच-सहा दिवे ही चैन नव्हे.

येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवतो. या दिव्यांच्या तारा कुंपणास जोडून जनावरे हाकलण्याचा विचार कोणी मनातही आणू नये. कुंपणाचे यंत्र निराळे असते, ते क्षणिक ठोके देते, व त्याचे नियम निराळे आहेत. कुंपणात सरळ वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्यात माणसे मेली आहेत, आणि पुष्कळदा ती त्याच घरची असतात.

आता रोहित्राची जात. बाजारात बारा व्होल्ट देणारी तीन प्रकारची साधने एकाच फळीवर मांडलेली असतात, व घेणारा त्यांत फरक करीत नाही. पहिले लोखंडी गाभ्याचे, दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचे जड रोहित्र; एका गुंडाळीत २३० व्होल्ट शिरतात, दुसरीतून १२ निघतात, आणि दोहोंमध्ये तारेचा काहीही संबंध नसतो. आपल्या कामास हे योग्य. दुसरे, हॅलोजन दिव्यांकरिता निघालेले हलके इलेक्ट्रॉनिक रोहित्र. त्यास किमान भार लागतो, व एलईडीचा भार इतका थोडा असतो की दिवे लुकलुकतात किंवा पेटतच नाहीत. तिसरे, एकदिश प्रवाह देणारा अ‍ॅडॅप्टर, ज्यास दुकानात एसएमपीएस म्हणतात. हाही चालतो, मात्र उघड्यावर वापरावयाचा तर पाणी व धूळ न शिरणाऱ्या बनावटीचाच घ्यावा, आणि त्यावर एकदिश प्रवाहाचेच दिवे लावावे. लोखंडी रोहित्रावर लावावयाच्या दिव्यांवर प्रत्यावर्ती प्रवाहाची खूण आहे की नाही, हे पाहून घ्यावे. केवळ एकदिश प्रवाहाच्या पट्ट्या त्यावर लावल्यास त्या फडफडतात व लवकर मरतात.

एक चौथे साधनही कधी कधी गळ्यात मारले जाते. त्यात एकाच गुंडाळीस मध्ये फाटा काढून कमी दाब घेतलेला असतो. हे घरात आणूच नये. त्याची एक तार तुटली की बारा व्होल्टांच्या ठिकाणी २३० व्होल्ट उभे राहतात, आणि ज्या सुरक्षिततेकरिता एवढा खटाटोप केला तीच नाहीशी होते. ओळख सोपी आहे. वीज न जोडता, मीटरने शिरत्या व निघत्या तारांमध्ये सलगता पाहावी. ती असेल तर वस्तू परत करावी.

आता मुख्य मुद्दा. रोहित्राचे माप वॅटमध्ये नसते, व्होल्टअँपिअरमध्ये असते, व पहिली चूक येथेच होते. एलईडी दिव्यावर पाच वॅट लिहिले असले, तरी त्याच्या पोटातील लहान मंडलाचा शक्तिगुणक कमी असल्यामुळे तो रोहित्रापासून सात-आठ व्होल्टअँपिअर ओढतो. दिव्यावर किंवा खोक्यावर व्होल्टअँपिअर छापलेले असतील तर तेच घ्यावे. नसतील तर वॅटची दीडपट धरावी. ही दीडपट काही शास्त्रवचन नव्हे, पण साधारण दिव्यांस ती पुरते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या शेतातील घरी गोठ्यात पाच वॅटचे चार दिवे आहेत. अंगण व खळे मिळून नऊ वॅटचे तीन. विहिरीच्या वाटेवर तीन वॅटचे पाच, आणि विहिरीजवळ कपाशीच्या कडेस पाच वॅटचा एक प्रकाश-सापळा. बेरीज : गोठा २०, अंगण व खळे २७, वाट १५, सापळा ५, एकूण ६७ वॅट. याची दीडपट सुमारे १०० व्होल्टअँपिअर. मग १०० चे रोहित्र घ्यावे काय? नाही. रोहित्रावर लिहिलेली शक्ती ही त्याची शेवटची मर्यादा होय, रोजची नव्हे. बैलाच्या अंगी जेवढे ओझे एकदा ओढण्याचे बळ असते तेवढे आपण त्यास रोज घालीत नाही.

येथे आपल्या जिल्ह्याच्या हवेचा विचार करणे भाग आहे. रोहित्राचे माप बहुधा भोवतालची हवा ४० अंशांपर्यंत आहे असे धरून ठरविलेले असते. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या पेटीत, पश्चिमेच्या उन्हात, तो किती होत असेल याची कल्पना पत्र्याच्या छपराखाली दुपारी बसून पाहणाऱ्यास येईल. दिवे रात्री लागतात हे खरे; पण पेटी दिवसभर भाजून निघालेली असते व गाभा सहजी निवत नाही. गुंडाळीच्या वेष्टनाचे आयुष्य, नेमून दिलेल्या तापमानावर दर आठ-दहा अंशांमागे, जवळजवळ निम्मे होते असा ठोकताळा आहे. म्हणून रोहित्रावर पाऊणपटीहून अधिक भार घालू नये असे आमचे मत आहे. वरील १०० व्होल्टअँपिअरांस पाऊणने भागिले असता १३४ येतात. त्यावरचे बाजारात मिळणारे माप १५०. हेच आपले रोहित्र. दुकानात ते पुष्कळदा अँपिअरच्या भाषेत विकतात. १५० व्होल्टअँपिअर म्हणजे बारा व्होल्टांवर साडेबारा अँपिअर. रोहित्र उत्तरेच्या भिंतीवर, वळचणीखाली, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर आणि चहूबाजूंनी हवा खेळेल असे लावावे. कुटार, कडबा, पोती किंवा वेचलेला कापूस त्याच्या आसपास असता कामा नये.

मग ५०० चेच का घेऊ नये? तीन कारणे आहेत. किंमत हे पहिले. दुसरे असे की, लोखंडी रोहित्र दिवे बंद असतानाही थोडी वीज खात असते, व जितके मोठे तितके अधिक खाते. रिकामे रोहित्र दहा वॅट खाते असे धरले, तर वर्षाच्या ८,७६० तासांत ८७ युनिटांहून अधिक वीज उजेड न देताच जाते. म्हणून बटण नेहमी २३० व्होल्टांच्या बाजूस ठेवावे. म्हणजे दिव्यांबरोबर रोहित्रही बंद होते. तिसरे कारण आगीचे. त्याकडे पुढे येऊ.

मोठे रोहित्र घेण्याची बुद्धी बहुतेकांस होते ती दुसऱ्याच कारणाने. विहिरीजवळचा दिवा मिणमिणतो. घराजवळचे दिवे लख्ख, आणि शेवटचा केविलवाणा. मग मनुष्य म्हणतो, रोहित्र कमी पडले. ते कमी पडलेले नसते. ज्याने ठिबकाच्या लांब नळीचे शेवटचे झाड पाहिले आहे त्यास हे लगेच कळेल. बारीक नळीत पाण्याचा दाब वाटेतच मरतो; पंप मोठा बसविला तर जवळच्या तोट्या उडतील, पण टोकाच्या झाडास योग्य पाणी पोचेलच असे नाही. तेथे नळी जाड करावी लागते. विजेचे तसेच आहे. रोहित्र १५० चे असो वा ५०० चे, त्याच्या तोंडाशी बाराच व्होल्ट असतात. वाटेतील घट तारेत होते, आणि तारेपुढे रोहित्राचे मोठेपण चालत नाही.

ही घट किती, हे काढणे तिसरी-चौथीच्या गणिताहून फारसे अवघड नाही. तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. बाजारात त्यासच एक एमएम, दीड एमएम, अडीच एमएम असे म्हणतात. तांब्याच्या तारेचा दर मीटरचा रोध येणेप्रमाणे :

१ चौ. मि.मी. — ०.०१८ ओहम
१.५ चौ. मि.मी. — ०.०१२ ओहम
२.५ चौ. मि.मी. — ०.००७४ ओहम
४ चौ. मि.मी. — ०.००४६ ओहम

हे आकडे २० अंश तापमानाचे आहेत. ४५ अंशांस ते सुमारे एक दशांशाने वाढतात. अंतर मीटरमध्ये घ्यावे, ते दुप्पट करावे, कारण प्रवाह जातो तसा परतही येतो. त्यास वरील आकड्याने गुणावे, आणि आलेल्या रोधास प्रवाहाच्या अँपिअरांनी गुणावे. येईल ती व्होल्टांची घट.

आपल्या उदाहरणात विहीर घरापासून ७० मीटर आहे. वाटेचे दिवे व सापळा मिळून २० वॅट, म्हणजे ३० व्होल्टअँपिअर, म्हणजे बारा व्होल्टांवर अडीच अँपिअर. जाणे-येणे १४० मीटर. एक एमएमची तार वापरली तर रोध २.५२ ओहम व घट ६.३ व्होल्ट, बारांपैकी निम्म्याहून अधिक वाटेतच गेले. दीड एमएममध्ये घट ४.२ व्होल्ट, अडीचमध्ये २.६, आणि चार एमएमची महाग तार घातली तरी १.६ व्होल्ट. सर्व भार टोकाशीच आहे असे धरून हे आकडे काढले आहेत. वाटेवर सारखे विखुरलेले दिवे असतील तर त्यांच्यापुरते अंतर निम्मे धरावे, म्हणजे घट काही कमी येईल. तथापि दहा टक्क्यांहून, म्हणजे १.२ व्होल्टांहून अधिक घट होऊ देऊ नये, हा दंडक पाळावयाचा तर विहिरीच्या वाटेस बारा व्होल्ट पुरत नाहीत असेच म्हणावे लागते.

यावर उपाय आहे, व तो स्वस्त आहे. त्या एका फाट्यास २४ व्होल्ट द्यावे व दिवेही २४ व्होल्टांचे घ्यावे. दाब दुप्पट झाला की त्याच उजेडास प्रवाह निम्मा लागतो, म्हणून घट निम्मी होते. आणि ती दुप्पट दाबातून वजा होत असल्यामुळे शेकडेवारीने चौथाईच राहते. अडीच एमएमच्या तारेत आता १.२५ अँपिअर जातील, घट १.३ व्होल्ट होईल, व ती २४ च्या साडेपाच टक्क्यांहून थोडी कमी आहे. चोवीस व्होल्टही अंगणात व वाटेवर जपून वापरल्यास सुरक्षितच आहेत. विहिरीच्या आत, पाण्याशी संबंध येईल अशा ठिकाणी मात्र बारांच्या वर जाऊ नये.

हे दोन दाब एकाच रोहित्रातून मिळतात, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ‘बारा-शून्य-बारा’ या नावाचे जे रोहित्र दुकानात मिळते, त्याच्या निघत्या बाजूस तीन तारा असतात. मधली व कोणतीही कडेची मिळून १२ व्होल्ट. दोन्ही कडेच्या मिळून २४. (न समजता कडेच्या दोन तारांवर बारा व्होल्टांचे दिवे लावल्यास ते पाहता पाहता जळतात, हे सांगावयास नको.) १५० व्होल्टअँपिअरांच्या अशा रोहित्राची प्रत्येक बाजू सव्वासहा अँपिअर देऊ शकते. आपल्या उदाहरणात गोठ्याचे अडीच अँपिअर एका बाजूवर टाकावे, अंगण-खळ्याचे ३.४ दुसरीवर, विहिरीचे १.२५ दोन्ही बाजूंतून जातात. म्हणजे एका बाजूवर ३.७५ व दुसरीवर ४.६५ अँपिअर झाले. सव्वासहाची पाऊणपट ४.६९ होते, तेव्हा दोन्ही बाजू मर्यादेच्या आत आहेत. अंगणातील एक दिवाही वाढवावयाचा झाला तर मात्र तो गोठ्याच्या बाजूस जोडावा. सर्वच भार एका बाजूवर टाकून दुसरी रिकामी ठेवल्यास १५० चे रोहित्र ७५ सारखे वागते.

दाब अधिक ठेवून तो वापराच्या जागेजवळ न्यावा व कमी दाबाची तार आखूड ठेवावी, हे तत्त्व आमच्या पदरचे नव्हे. राज्यात २०१८ साली शेतीपंपांकरिता उच्चदाब वितरण प्रणालीची जी योजना निघाली तिचे इंगित हेच होते. एका मोठ्या रोहित्रापासून लांबच लांब लघुदाब तारा ओढण्याऐवजी अकरा हजार व्होल्टांची वाहिनीच शेताजवळ नेऊन एका-दोन शेतकऱ्यांस एक लहान रोहित्र देण्याची ती योजना होती. त्यामुळे तारांतील घट कमी होते, आकडे टाकण्यास वाव उरत नाही आणि रोहित्र जळालेच तर एक-दोघांचेच पाणी अडते. त्याच न्यायाने कोणी विचारील की, २३० व्होल्टच विहिरीपर्यंत नेऊन लहान रोहित्र तेथे का बसवू नये? विहिरीवर पंपाची पेटी आहे व तेथे पुरवठा आहेच, तेव्हा हे शक्य आहे, आणि अंतर दीड-दोनशे मीटर असेल तर तेच शहाणपणाचे. मात्र शेतीपंपाच्या जोडणीवर दुसरा भार घालण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे, आणि २३० व्होल्टांच्या बाजूस ३० मिलिअँपिअरांवर तुटणारे गळतीरोधक बटण, म्हणजे आरसीसीबी, बसविल्याखेरीज रोहित्र लावू नये. ज्याने सौरपंप घेतला आहे व ज्याच्या शेतात महावितरणची तारच नाही, त्यास या लेखातील रोहित्राचे प्रकरण लागू नाही. त्यास लहान पट्टी व बारा व्होल्टांची बॅटरी बरी. तारेचे गणित मात्र त्यालाही चुकत नाही.

दाबाच्या चढउताराबद्दल थोडे. २३० व्होल्ट हे नावाचे. पंप चालू असताना खेड्यात तो १८० वरही येतो, व मध्यरात्री पंप बंद होताच २५० वर जातो. लोखंडी रोहित्र हा चढउतार तसाच पुढे देते. १८० असता बाराच्या जागी ९.४ व्होल्ट निघतात आणि २५० असता १३. याकरिता दिवे घेताना ते किती ते किती व्होल्टांवर चालतात हे पाहावे. ९ ते १५ असा पल्ला असलेले दिवे आपल्याकडे टिकतील. मोटारीची वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून १२, १३ व १४ व्होल्टांचे फाटे काढलेले रोहित्र बनवून घेण्याची युक्ती काहीजण करतात. लांबच्या फाट्यास १४ व्होल्ट देऊन घट भरून काढता येते हे खरे, पण पुरवठा २५० वर गेला की त्या फाट्यावर पंधराच्या वर व्होल्ट चढतात आणि वाटेवरच्या जवळच्या दिव्याचे मरण ओढवते. आम्हांस ही युक्ती पसंत नाही.

पंपाची उरलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल पुष्कळांच्या घरी पडलेली असते. ती वापरावयास हरकत नाही; फक्त तिचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो, म्हणून चार एमएमची अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या अडीच एमएमएवढीच समजावी. तांबे व अ‍ॅल्युमिनियम नुसते पिळून जोडू नये. ओलाव्याने तो सांधा खातो, तापतो, आणि वर चिकटपट्टी असल्यामुळे दिसत नाही.

तार जमिनीतून न्यावयाची तर आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव ओळखून न्यावी. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात शिरेल एवढ्या भेगा पाडते, आणि आपल्याबरोबर तारेसही ओढते. मुरमाच्या जमिनीत जी तार ताणून पुरली तरी चालते, ती देवळी-हिंगणघाटाकडच्या भारी जमिनीत दोन-तीन उन्हाळ्यांत सांध्यातून निसटते. म्हणून तार एचडीपीई नळीतून न्यावी, नळीत ती सैल, किंचित नागमोडी ठेवावी, वखर-नांगर पोचणार नाही इतकी खोल पुरावी, व जमिनीत सांधा कोठेही देऊ नये. सांधे सर्व दिव्याच्या खांबावर, डबीत, जमिनीच्या वर.

आता आगीविषयी. बारा व्होल्टांचा झटका बसत नाही म्हणून लोक त्यास निरुपद्रवी समजतात. ५०० व्होल्टअँपिअरांचे रोहित्र बारा व्होल्टांवर चाळीस अँपिअरांहून अधिक प्रवाह देऊ शकते. एक एमएमच्या तारेत दहा-बारा अँपिअरांहून अधिक जाऊ देणे धोक्याचे. उंदराने वेष्टन कुरतडले, दोन तारा भिडल्या, की मोठे रोहित्र सहज तेवढा प्रवाह पुरविते. तार लाल होते, आणि वर कुटार किंवा कापसाची गंजी असेल तर पुढचे वर्णन करण्याची गरज नाही. ज्या घरात दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत कापूस साठविलेला असतो त्या घरात हा विचार सर्वांच्या आधी व्हावा. म्हणून प्रत्येक फाट्यास निराळा फ्यूज, आणि तो रोहित्राच्या अगदी तोंडाशी. आपल्या उदाहरणात गोठा व अंगण यांस पाच-पाच अँपिअरांचा, विहिरीस तीनचा; दुपदरी २४ व्होल्टांच्या फाट्यास दोन्ही तारांवर. २३० च्या बाजूस एक अँपिअरचा, सावकाश वितळणाऱ्या जातीचा, कारण रोहित्र चालू होताना क्षणभर प्रवाहाची उसळी येते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यास आम्ही काय सांगावे!

गोठ्याची गोष्ट निराळी म्हणून शेवटी ठेविली. गाईच्या शरीराचा रोध मनुष्याहून कमी असतो. तो सुमारे ५०० ओहम धरतात. तिचे चारही पाय ओल्या जमिनीवर, पुढच्या-मागच्या पायांत हातभर नव्हे तर तीन हातांचे अंतर, आणि ओले नाक लोखंडी गव्हाणीस. बारा व्होल्टांच्या दोन्ही तारा तिच्या अंगास लागल्या तर २४ मिलिअँपिअर जाऊ शकतात. गाय चार-सहा मिलिअँपिअरांनीच बिचकते, पाणी पीत नाही व पान्हा चोरते. आपल्या गवळाऊ गाईने अकारण गव्हाण टाळली तर वैद्यास बोलाविण्यापूर्वी एकदा तारा तपासाव्या. गोठ्यात तारा जनावराच्या तोंडापासून व शिंगांपासून दूर, आढ्याकडूनच न्याव्या. तसेच रोहित्राच्या बारा व्होल्टांच्या बाजूची कोणतीही तार जमिनीस जोडू नये, मधली शून्याचीही नाही. ती बाजू अधांतरी असली म्हणजे एखादी तार चुकून जनावरास किंवा माणसास लागली तरी परतीची वाट नसल्यामुळे प्रवाह वाहत नाही. रोहित्राच्या लोखंडी पेटीस व २३० व्होल्टांच्या बाजूस मात्र अर्थिंग हवेच.

दिव्यांचा रंग पिवळसर घ्यावा. पांढऱ्या-निळसर दिव्यांवर कपाशीतील पतंग अधिक झेपावतात. सापळ्याचा दिवा याच कारणाने निराळ्या रंगाचा असतो, व तो अंगणाच्या दिव्यांपासून दूर असावा.

सर्व जोडणी झाल्यावर एक तपासणी करावी. सायंकाळी पंप चालू असताना सर्व दिवे लावून तासभर थांबावे. मग मीटर घेऊन प्रत्येक फाट्याच्या शेवटच्या दिव्यापाशी दाब मोजावा व लिहून ठेवावा. हीच मोजणी रात्री पंप बंद झाल्यावर पुन्हा करावी. पहिला आकडा दिव्याच्या पल्ल्याच्या खाली असेल तर तार जाड करावी, दुसरा वर असेल तर दिवे बदलावे. रोहित्राच्या पेटीस हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर भार कमी करावा किंवा पेटीस हवा द्यावी. हे दोन आकडे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तीच मोजणी केली असता कोठे सांधा खराब होत चालला आहे ते लगेच कळून येते.